हुंझाच्या मीराचे हक्क कोणी विकायला काढले?

सीमावादाची बातमी आली, की १८९९ सालचा एक ब्रिटिश खलिता आणि त्यावरून काढलेला नकाशा समाजमाध्यमांवर फिरू लागतो. एक पक्ष म्हणतो, या रेषेने अक्साई चीनचा मोठा भाग चीनकडे जातो, म्हणून चीनचे म्हणणे खरे. दुसरा पक्ष म्हणतो, चीनने त्या खलित्याला उत्तरच दिले नाही, म्हणून तो रद्दबातल. दोन्ही पक्ष रेषेवर भांडतात. त्या रेषेच्या पश्चिम टोकाला ज्याची कुरणे आणि शेतजमीन सोडून देण्याची तयारी परस्पर दाखवली गेली, त्या हुंझाच्या मीराचे नावही कोणी घेत नाही. हा धागा त्याच्याविषयी आहे. तो लांब आहे आणि तटस्थ नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रथम भूगोल. काराकोरमच्या दरीत, बल्तित येथे राजधानी असलेले हुंझा हे अगदी चिमुकले राज्य. चिनी कागदपत्रांत त्याचे नाव कंजूत. नदीच्या पलीकडे नगर हे तेवढेच छोटे आणि तेवढेच हट्टी राज्य. उत्तरेला किलिक आणि मिंताका या खिंडी ओलांडल्या की तगदुंबाश पामीरचा गवताळ प्रदेश लागतो. ईशान्येला शिमशाल खिंडीपलीकडे यार्कंद नदीच्या वरच्या खोऱ्यात रस्कम आहे. हुंझात सपाट जमीन जवळजवळ नाहीच. डोंगराच्या कुशीत कोरलेल्या पाटांवर शेती चालते. म्हणून खिंडीपलीकडचे गवत आणि रस्कममधली लागवडयोग्य जमीन यांना तिथे जे मोल होते, ते लंडनमध्ये नकाशावर बोट ठेवणाऱ्याला कळणे अवघड होते.

तगदुंबाशमध्ये गुरे चारणाऱ्यांकडून हुंझाचे राज्यकर्ते चराईचा कर घेत. त्याच वेळी ते चीनच्या बादशहाला दरवर्षी थोडी सोन्याची भुकटी पाठवत आणि बदल्यात रेशमासारख्या भेटवस्तू येत. १८६९ पासून काश्मीरच्या महाराजांकडेही घोडे, शिकारी कुत्रे आणि सोने जाऊ लागले. म्हणजे दोन दरबारांना नजराणा, आणि त्यांतल्या एकाच्या प्रदेशात स्वतःची वसुली. आधुनिक सार्वभौमत्वाच्या व्याख्येत हे कुठेच बसत नाही, असा आक्षेप हमखास येतो.

मराठी वाचकाने तरी हा आक्षेप घेऊ नये. दमणच्या पोर्तुगीज मुलखातली गावे रामनगरच्या कोळी राजाला चौथ देत. पोर्तुगीज त्याला चौथिया राजाच म्हणत. शिवाजी महाराजांनी रामनगर घेतल्यावर तोच हक्क वारशाने आपला म्हणून पोर्तुगीजांकडे मागितला. पुढे निजामाच्या मुलखात मराठ्यांची चौथ-सरदेशमुखी आणि दुअंमल कित्येक वर्षे चालला. एकाच जमिनीवर दोघांचे, तिघांचे वेगवेगळे हक्क असणे ही आपल्याकडची रोजची व्यवस्था होती. हुंझाचा दावा गूढ वाटतो, कारण आपण आपलीच जुनी शब्दसंपत्ती विसरलो आहोत.

मीर संत होता, असे मला म्हणायचे नाही. लेह-यार्कंद वाटेवरचे काफिले लुटणे आणि पकडलेली माणसे गुलाम म्हणून विकणे हा हुंझाचा जुना उद्योग होता. सफदर अली तर १८८६ मध्ये बाप गझन खान याचा खून करवून गादीवर आला. पण राज्यकर्त्याच्या दुर्वर्तनाने त्याच्या रयतेचे चराईचे हक्क बुडत असतील, तर एकोणिसाव्या शतकातल्या किती साम्राज्यांकडे वीतभर तरी जमीन उरली असती?

१८८८ मध्ये रशियाचा ग्रोम्बचेव्स्की हुंझात येऊन गेला. पुढच्याच वर्षी ब्रिटिशांनी गिलगिट एजन्सी पुन्हा उभी केली आणि यंगहजबंडला खिंडी तपासायला धाडले. डिसेंबर १८९१ मध्ये निल्तचा किल्ला पडला, बल्तित हाती आले आणि सफदर अली चिनी तुर्कस्तानात पळाला. त्याचा सावत्र भाऊ नाझिम खान याला १८९२ मध्ये मीर म्हणून बसवले गेले.

या समारंभाला चिनी प्रतिनिधी हजर होते. हुंझा आपले मांडलिक आहे म्हणून चीनने स्वारीचा निषेध केला होता, आणि रशियाविरुद्ध चीन दुखावला जाऊ नये ही ब्रिटिशांची गरज होती. म्हणून चीनच्या अधिसत्तेला दरबारात बसायला जागा देण्यात आली, निर्णयात मात्र नाही. सात वर्षांनी हीच अधिसत्ता ब्रिटिश खलित्यात निव्वळ सावलीसारखी ठरली. सावलीला दरबारात आसन कोणी आणि कशासाठी मांडले, हे खलिता सांगत नाही.

आता रस्कम. काफिले लुटणे बंद झाले, गुलामांचा व्यापार संपला आणि शेती वाढवण्यावाचून मार्ग उरला नाही. ब्रिटिशांनीच लादलेल्या शांततेची ही किंमत होती. १८९७ पासून नाझिम खानाने रस्कममध्ये लागवडीसाठी माणसे पाठवण्याचा प्रयत्न चालवला. यार्कंदच्या अधिकाऱ्यांशी बोलणी झाली आणि काही जमीन कसू देण्यास ते तयारही झाले. तेव्हा काशगरमधला रशियन कॉन्सल पेत्रोव्स्की मध्ये पडला. काशगरात चिनी ताओताईपेक्षा त्याचा दरारा मोठा होता. हुंझाला जमीन म्हणजे ब्रिटिशांना जमीन, असे त्याचे गणित. मग रशियालाही बदल्यात मुलूख लागेल, हा धाक पुरेसा ठरला आणि चिनी अधिकाऱ्यांनी पाय मागे घेतला.

चीनच्या वर्तनाकडेही इथे पाहिले पाहिजे, कारण आपल्याकडच्या काहींना साम्राज्यवादी म्हटले की फक्त गोरा चेहरा आठवतो. ब्रिटिशांनी स्वारी केली तेव्हा हुंझा चीनचे जुने मांडलिक होते. त्याच मांडलिकाने पोटासाठी जमीन मागितली आणि रशियन कॉन्सलने डोळे वटारले, तेव्हा त्याचे पालकत्व कोणालाच आठवले नाही. सोन्याची भुकटी मात्र स्वीकारली जात राहिली.

या पार्श्वभूमीवर १४ मार्च १८९९ चा खलिता वाचावा. पेकिंगमधले ब्रिटिश वकील सर क्लॉड मॅकडोनाल्ड यांनी तो चिनी परराष्ट्र कचेरीला दिला. त्याचा आशय असा: कंजूतची सीमा कधी निश्चित झालेली नाही. तगदुंबाशच्या काही भागावरचा कंजूतचा हक्क काशगरच्या ताओताईने फेब्रुवारी १८९६ च्या पत्रात मान्य केला आहे. रस्कमवरचा हक्क यार्कंदच्या अधिकाऱ्यांनी आदल्या वर्षीच्या वाटाघाटींत मान्य केला आहे. तरी वाद टाळण्यासाठी चीनने कंजूतवरील अधिसत्तेचा दावा सोडावा, आणि हिंदुस्थान सरकार कंजूतच्या वतीने तगदुंबाश व रस्कमच्या बहुतांश भागावरील दावा सोडेल.

या मांडणीकडे नीट पाहा. मीराचा दावा पोकळ होता, असे ब्रिटिश सरकार म्हणत नाही. उलट तो चिनी अधिकाऱ्यांनीच मान्य केला आहे, याचा दाखला देते. दावा भक्कम आहे हे आधी सिद्ध करायचे आणि पुढच्याच परिच्छेदात तो सोडायचा, कारण भक्कम वस्तूलाच बाजारात भाव येतो. बदल्यात चीनने जे सोडायचे, ते खलित्याच्याच शब्दांत सावलीवत. त्या सावलीचा लाभ ब्रिटिशांना मिळणार होता आणि गवत जाणार होते मीराचे. ‘कंजूतच्या वतीने’ हा अधिकार हिंदुस्थान सरकारला कुठून आला? मीराने तो दिला नव्हता. काश्मीर दरबाराचे मांडलिकत्व पुढे करावे, तर तो दरबारही या व्यवहारात पक्ष नव्हता. १८९१ च्या तोफांखेरीज या अधिकाराला दुसरा आधार मला दिसत नाही.

यावर ठरलेले उत्तर येते: ब्रिटिश नसते तर रशियाने हुंझा गिळले असते. शक्य आहे, मी ते नाकारत नाही. पण रशियाचा धोका खरा होता यावरून मीराची कुरणे देऊन टाकण्याचा हक्क ब्रिटिशांना मिळत नाही. चोरापासून घर वाचवणाऱ्याला घरमालकाचे शेत विकता येत नाही. आणि ही एकट्या हुंझाची गोष्ट नव्हती. १८९५ मध्ये रशिया आणि ब्रिटन यांच्या हद्दी एकमेकींना भिडू नयेत म्हणून वाखानची चिंचोळी पट्टी अमीर अब्दुर रहमानच्या गळ्यात मारण्यात आली. त्याला ती नको होती. एकाकडून नको असलेले घेववायचे आणि दुसऱ्याकडून हवे असलेले सोडवायचे, दोन्हीकडे नियम एकच: लंडन आणि सेंट पीटर्सबर्गची सोय.

चीनने खलित्याला उत्तर दिले नाही. त्यामुळे सौदा कागदावरच राहिला आणि गंमत अशी, की जुनी व्यवस्था आणखी जवळजवळ चाळीस वर्षे रखडत चालली. मीर सोने पाठवत राहिला, तगदुंबाशमधून चराईही येत राहिली. १९३० च्या दशकात चिनी तुर्कस्तानात सोव्हिएत वर्चस्व वाढले तेव्हा ब्रिटिशांना या धाग्याचीच भीती वाटू लागली. १९३६-३७ मध्ये नाझिम खानाला तगदुंबाश आणि रस्कमवरचे हक्क व काशगरशी असलेला नजराण्याचा संबंध सोडायला लावले गेले. भरपाई म्हणून काही रक्कम आणि गिलगिट परिसरात जमीन मिळाली. १८९२ मध्ये ज्यांनी त्याला गादीवर बसवले, त्यांनीच त्याच्या म्हातारपणी हिशेब मिटवला. १९३८ मध्ये तो वारला.

म्हणून १८९९ चा नकाशा फिरवणाऱ्या दोन्ही पक्षांना माझा प्रश्न आहे. हा खलिता सीमेचा पुरावा म्हणून वापरायचा असेल, तर त्यातला हुंझाच्या मान्य हक्कांचा परिच्छेद गाळून कसे चालेल? आणि तो रद्दबातल धरायचा असेल, तर मीराचे हक्क १८९९ मध्ये सोडले गेलेच नव्हते, हे का सांगत नाही? सोयीचे वाक्य ठेवून गैरसोयीचे खोडणे ही मॅकडोनाल्डच्या कचेरीची रीत होती, आपण ती पुढे चालवण्याचे कारण नाही.

२ मार्च १९६३ रोजी पाकिस्तान आणि चीन यांनी याच प्रदेशातून सीमा आखली. शाक्सगाम खोऱ्यासह ५,१८० चौरस किलोमीटर भूभाग पाकिस्तानने बेकायदा चीनला दिला, ही भारताची भूमिका सर्वश्रुत आहे. काश्मीरचा प्रश्न सुटल्यावर तिथली सार्वभौम सत्ता चीनशी पुन्हा वाटाघाटी करील, असे एक कलम त्या करारात आहे. हुंझाच्या गादीवर तेव्हा नाझिम खानाचा नातू जमाल खान होता. त्याची सही करारावर नाही. १९७४ मध्ये पाकिस्तानने त्याचे राज्यही खालसा केले.