पोर ढ नाहीं, फळा आंधळा आहे

आमच्या शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, आज आम्ही स्वतःवरच फिर्याद घेऊन आपल्यापुढें उभे आहों. फिर्यादी आम्ही आणि आरोपीही आम्हीच. पंच मात्र तुम्हीं व्हावें.

गेल्या कार्तिकांतली गोष्ट. आठवडे बाजारांत आम्ही भाजीला गेलों, तों आमच्याच वर्गांतली सहावीची एक पोर आईशेजारीं गोणपाटावर माल मांडून बसलेली. एका बाईनें पाऊण किलो वांगीं व सव्वा किलो बटाटे घेतले. वांगीं ४० रुपये किलो, बटाटे २८ रुपये किलो. पोरीनें तराजू खालीं ठेवतां ठेवतां सांगितलें, "तीस अन् पस्तीस, पासष्ट झालं मावशे," आणि शंभराच्या नोटेंतून ३५ रुपये परत केले. आदल्याच दिवशीं आम्हीं फळ्यावर १.२५ गुणिले २८ हें उदाहरण घातलें होतें. तें या पोरीला सुटलें नव्हतें, आणि तिच्या वहींत आम्हीं तांबड्या शाईनें फुली मारून "लक्ष नाहीं" असा शेरा दिला होता. वाचकहो, सव्वा किलो बटाट्यांचा हिशेब आणि १.२५ गुणिले २८ हा हिशेब, दोन्ही एकच! तिची आई आम्हांस म्हणाली, "गुरुजी, हितं माझी लेक कुणाला हार जात नाय. तुमच्या शाळंत तिला काय हुतं?" आमच्याजवळ उत्तर नव्हतें. मेथीची जुडी पिशवींत टाकून आम्ही मान खालीं घालून निघालों.

हें आमच्याच गांवचें रडगाणें आहे असें कोणी समजूं नये. कलकत्ता व दिल्ली येथील बाजारांत माल विकणाऱ्या पोरांची परीक्षा अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं घेतली आणि तिचा वृत्तांत २०२५ सालीं 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. बाजारांतलीं पोरें किलो-ग्रॅमचे अवघड हिशेब तोंडीं बिनचूक करीत. तींच कागदावरच्या साध्या भागाकारापुढें अडखळत. उलट, नुसती शाळा शिकणारीं पोरें कागदावरचें गणित सोडवीत, पण बाजाराचा हिशेब घातला कीं बुचकळ्यांत पडत. म्हणजे एका पोराजवळ अर्धी विद्या आणि दुसऱ्याजवळ उरलेली अर्धी, मधें भिंत. ती भिंत कोणीं बांधली? पोरांनीं खास नाहीं.

आतां कांहीं शहाणे लोक यावर दोन प्रकारें बोलतात. पहिले म्हणतात, "या लोकांच्या डोक्यांत विद्या शिरतच नाहीं." त्यांस आमचें उत्तर वरच्या बाजारांतच आहे. मावशीच्या नोटेंतून ३५ रुपये मोजून देणारें डोकें कोणाचें होतें? दुसरे त्याहून गोड बोलतात. ते म्हणतात, "पोरांना हिशेब येतोच आहे ना? मग त्यांना पुस्तकांत कशाला कोंडतां? सुताराच्या पोरानें सुतारकी करावी, कुणब्याच्या पोरानें औत धरावें." या गोड बोलण्यापासून सावध राहा! १९५३ सालीं मद्रास राज्यांत राजगोपालाचारी मुख्यमंत्री असतांना अशीच एक योजना निघाली होती. खेड्यांतल्या शाळेचे तास कमी करावे आणि उरलेल्या वेळांत पोरांनीं घरचा धंदा शिकावा, असा तिचा सांगावा होता. पेरियार रामस्वामी व तेथील ब्राह्मणेतर चळवळीनें तिच्यावर असें रान उठविलें कीं १९५४ सालीं ती गुंडाळावी लागली. कारण उघड होतें. बापाचा धंदा पोराच्या पायांत बेडी म्हणून घालावयाचा नाहीं. त्याच्या पुढच्या पावलाला पायरी म्हणून तो वापरावयाचा. आम्ही मागतों तें हें दुसरें.

आणि हें मागणें आमच्या पदरचें नाहीं. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुले यांनीं जें निवेदन दिलें, त्यांत बारा वर्षांपर्यंतचें प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें असें तर मागितलेंच; पण काय शिकवावें हेंही सांगितलें. मोडी-बाळबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेब आणि शेतीचें प्राथमिक ज्ञान त्यांनीं त्यांत घातलें. आणि शिक्षक कसा असावा? नांगराची मुठ किंवा सुताराचा वाकस हातीं धरण्याची ज्याला लाज वाटणार नाहीं असा. पुढें सयाजीराव महाराजांनीं १९०६ सालीं सबंध बडोदें संस्थानांत आणि शाहू महाराजांनीं १९१७ सालीं करवीरांत सक्तीचें शिक्षण आणलें. सबंध देशाला तो कायदा २००९ सालीं मिळाला. दार उघडण्यास सव्वाशें वर्षांहून अधिक काळ लागला. पण दार उघडल्यावर आंत काय मिळतें? २०२४ च्या 'असर' पाहणीप्रमाणें देशांतील खेड्यांतल्या सरकारी शाळांत पांचवीच्या शंभर मुलांपैकीं सुमारें ४५ जणांनाच दुसरीचा धडा वाचतां आला. बाकीचीं पोरें शाळेंत बसतात, खिचडी खातात, वरच्या वर्गांत जातात आणि कोरीच राहतात. ही त्या मुलांची नापासी नव्हे, आमची आहे.

कोणी म्हणेल, बाजारांत पोट भरतें, मग फळ्यावरचें आलें काय न आलें काय? बाबांनो, तोंडीं हिशेब किरकोळींत तारतो. ठोकींत आणि कागदावर तोच बुडवितो. समजा, तुमचा कांदा १८ क्विंटल ४० किलो भरला, भाव १२६० रुपये क्विंटल. रक्कम व्हावी २३,१८४ रुपये. पट्टींत कोणीं १८.४० च्या जागीं १८.०४ लिहिलें तर तीच रक्कम २२,७३०.४० होते. एका शून्याच्या जागेंत तुमचे ४५३ रुपये ६० पैसे गेले! तोंडीं हिशेबाचा राजा असलेला बाप ती पट्टी घडी घालून खिशांत ठेवतो, कारण दशांश-चिन्ह त्याला कोणीं दाखविलेंच नाहीं. २०१६ सालीं महाराष्ट्र सरकारनें फळें-भाजीपाल्यावरची अडत शेतकऱ्याऐवजीं खरेदीदाराकडून घ्यावी असें ठरविलें. पण आपल्या पट्टींत कोणती रक्कम कोणत्या नांवाखालीं कापली, हें ज्याला वाचतां येत नाहीं, त्याला त्या ठरावाचा काय उपयोग?

कारागिराचेंही तेंच. शिंपीदादा मशीनसाठीं २४,००० रुपये कर्ज काढतात. देणारा म्हणतो, "फ्लॅट बारा टक्के, बारा हप्ते." व्याज २,८८० आणि हप्ता २,२४० रुपये. दादांना वाटतें, शेकडा बारा म्हणजे स्वस्तच. पण मुद्दल तर दरमहा दोन हजारांनीं फिटत जाते. पहिल्या महिन्यांत २४,००० वापरांत, शेवटच्या महिन्यांत अवघे २,०००. सरासरी काढली तर वर्षभर हातीं राहिले १३,००० रुपये. तेरा हजारांवर २,८८० व्याज म्हणजे बारा नव्हे, बावीस टक्क्यांच्या आसपास! ही सरासरी आम्ही सातवी-आठवीच्या वर्गांत क्रिकेटच्या धावांवर शिकवितों. कर्जाच्या हप्त्यांवर एकदां तरी शिकविली काय? नाहीं.

आणि लोहारदादांची कुऱ्हाड पाहा. लोखंड १८०, कोळसा ६०, दांडा ५०, एकूण २९० रुपये. विकली ४०० ला. म्हणतात, ११० सुटले. पण भात्यावर वहिनी आणि घणावर दादा, दोघांचे दोन-दोन तास गेले, ते कोठें मांडले? तासाला ५० रुपये धरले तरी मजुरी २०० होते. म्हणजे नफा नाहींच, ९० रुपयांची खोट आहे. आपल्या घामाला किंमत न धरणारा हिशेब हा शतकानुशतकें आमच्या डोक्यावर बसविलेला हिशेब आहे. तो ज्या दिवशीं घरचीं पोरें कागदावर मांडून दाखवितील, त्या दिवशीं कुऱ्हाडीचा भाव बदलेल, नाहीं तर निदान कोणता माल करावा आणि कोणता सोडावा हें तरी कळेल.

तेव्हां करावयाचें काय? नुसती ओरड करून भागणार नाहीं. आम्ही जें आमच्या वर्गांत सुरू केलें आहे आणि जें तुम्हीं घरीं करावें, तें सांगतों.

पहिली गोष्ट, रोज एक तास इयत्ता विसरावयाची. ज्याला अक्षर येत नाहीं तो एका गटांत, ज्याला शब्द येतात तो दुसऱ्या, ज्याला धडा येतो तो तिसऱ्या. मग तो तिसरीचा असो कीं पांचवीचा. हरियाणांत शिक्षकांनींच शाळेच्या वेळांत असा तास घेतला तेव्हां मुलांचें वाचन सुधारल्याचें मोजमापांत दिसून आलें. यांत पैसा लागत नाहीं. मोठ्या पोराला धाकट्याशेजारीं बसतांना लाज वाटूं नये, एवढी माया लागते.

दुसरी गोष्ट, फळ्यावरचें प्रत्येक उदाहरण आधीं तोंडीं, मग कागदावर. "सव्वा किलो बटाटे, २८ चा भाव" असें आधीं विचारावयाचें. पोरानें सांगितलें कीं तेंच १.२५ गुणिले २८ असें लिहून दाखवावयाचें. आमच्या आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ असे. तें ओझें म्हणून आपण फेकून दिलें. सगळें परत आणा असें आम्ही म्हणत नाहीं. पण पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड हे आपल्या घरांत अजून जिवंत असलेले शब्द आहेत, त्यांच्यावरून अपूर्णांक व दशांश शिकवावयाचा सोडून आम्ही परक्या वाटेनें जातों, हा करंटेपणा होय.

तिसरी गोष्ट घरची. एक दोनशें पानी वही आणा आणि पांचवीपुढच्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातीं द्या. मुलीच्या हातीं जरूर द्या. बियाणें, खत, डिझेल, मजुरी, दूध, कपड्याची शिलाई, जें आलें-गेलें तें रोज संध्याकाळीं तिनें लिहावें. घरच्या माणसांचीही मजुरी धरावी. महिन्याच्या शेवटीं बेरीज तिनें मोठ्यानें वाचून दाखवावी. आणि बाजाराची पट्टी, पतपेढीचें पासबुक, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी हीं सर्व तिच्याकडून वाचून घ्यावीं. औषधाच्या डब्यावर रंगीत चौकोन असतो. त्यांतला तांबडा सर्वांत जहाल विषाचा, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्या मानानें सौम्य. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करतांना विषबाधा होऊन कित्येक शेतकरी व शेतमजूर दगावले. वाचतां येणें ही चैनीची गोष्ट नव्हे, हें त्या घरांना विचारा.

चौथी गोष्ट, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेला या. कायद्यानें तिच्यांत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. सह्या करून चहा पिऊन जाऊं नका. विचारा, "चौथींतल्या किती पोरांना धडा वाचतां येतो? गेल्या सभेला किती जणांना येत होता?" हा एकच प्रश्न दरमहा विचाराल तर आम्हां मास्तरांची झोंप उडेल, उडूं द्या. आणि मास्तर वर्गांत सांपडत नसेल तर तेंही विचारा. जनगणना, निवडणूक व आपत्तीचें काम सोडून शिक्षकाला दुसऱ्या बिगर-शैक्षणिक कामाला जुंपूं नये असें कायदा म्हणतो. आम्हीं तक्रार केली तर ती कामचुकार मास्तराची कुरकुर ठरते. तुम्हीं केली तर ती पोरांच्या बापाची मागणी ठरते.

कोणी विचारील, "गुरुजी, त्यापेक्षां पोर इंग्रजी शाळेंत घातलें तर?" घाला, आमचा राग नाहीं, इंग्रजी आलीच पाहिजे. पण कर्ज काढून टाय बांधाल आणि तेथेंही पोराला न समजणारें घोकावें लागलें, तर एका भिंतीच्या जागीं दोन भिंती झाल्या. भाषा कोणतीही असो, घरचा हिशेब आणि फळ्यावरचा हिशेब एकमेकांस ओळखूं लागले पाहिजेत.

असो. त्या बाजारांतल्या पोरीची वही आम्हीं दुसऱ्या दिवशीं मागून घेतली. तांबडी फुली खोडली आणि खालीं लिहिलें, "उत्तर ३५. तुला हें येतें." मग तिलाच फळ्यापाशीं उभी केली आणि सव्वा किलोचा हिशेब तिच्याकडून सगळ्या वर्गाला शिकवून घेतला. तिचा हात थरथरत होता, पण दशांश-चिन्ह बरोबर जागीं पडलें. आतां बंधुभगिनींनो, तुमच्या घरांत अशी फुली मारलेली वही असेल तर ती घेऊन शाळेंत या आणि मास्तराच्या टेबलावर ठेवा. आमच्याही टेबलावर जागा आहे.