जहाज ‘अज्ञात’ नसतं साहेब

आमच्या किनारपट्टीच्या बातम्यांत एक शब्द कायमचा मुक्कामाला आहे. ‘अज्ञात जहाज’. अज्ञात जहाजाच्या धडकेत नौकेचं नुकसान. अज्ञात जहाजाने जाळी तोडून नेली. पोलीस पंचनाम्यात तो शब्द येतो, तिथून आमच्या बातमीत येतो, बातमीतून निवेदनात जातो. मग आमदार येऊन पाहणी करतात, फोटो निघतो. मदत मिळाली तर मिळाली. जहाज तोवर दुबईला पोचून माल उतरवून मोकळं.

मला आज या शब्दावरच बोलायचंय, कारण हा शब्द खोटा आहे.

परदेशी फेऱ्या करणारं ३०० टनांच्या वरचं प्रत्येक मालवाहू जहाज स्वतःचं नाव, जागा, वेग आणि दिशा सतत सांगत फिरत असतं. तसं यंत्र बसवणं आंतरराष्ट्रीय नियमाने सक्तीचं आहे. शाळेतलं पोरगंसुद्धा मोबाईलवर ॲप उघडून सांगेल की पहाटे साडेतीनला जयगडच्या समोरून कोण गेलं. कुणी यंत्र मुद्दाम बंद ठेवलं तर गोष्ट वेगळी. शिवाय प्रत्येक जहाजाला सात आकडी आयएमओ नंबर असतो. मालक बदलो, झेंडा बदलो, नाव पुसून नवं रंगवो, नंबर तोच. आपल्या स्कूटरपेक्षा जहाज शोधणं सोपं आहे. अज्ञात राहतं ते फक्त पंचनाम्यात.

आणि सापडल्यावर काय करायचं, याचा कायदा आहे. २०१७ चा ॲडमिरल्टी कायदा, १ एप्रिल २०१८ पासून लागू. त्याआधी आपण इंग्रजांच्या १८४०, १८६१, १८९० च्या कायद्यांवर समुद्र चालवत होतो! नवा कायदा सांगतो की सागरी दावे ऐकण्याचा अधिकार किनाऱ्यावरच्या उच्च न्यायालयांना, आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाला. जहाजाने नुकसान केलं, माणूस मेला किंवा जखमी झाला, खलाशांचा पगार थकवला, किनारा नासवला, हे सगळे त्यात दावे म्हणून लिहिलेत. उच्च न्यायालय थेट जहाजालाच अटक करू शकतं. मालक ग्रीसमध्ये असो की पनामात, त्याला शोधत बसायचं कारण नाही. जहाज आपल्या बारा सागरी मैलांत आलं की आदेश बजावायचा. मुंबईत हे काम शेरीफच्या कार्यालयामार्फत होतं. आपल्याला शेरीफ म्हणजे फीत कापणारा मानाचा माणूस एवढंच माहीत.

आता खरी गंमत. धडकेत होडी फुटली, जाळी गेली, तर त्या भरपाईचा हक्क त्या जहाजावर बसतो. सातबाऱ्यावर बोजा बसतो ना, तसा. जमीन विकली तरी बोजा जात नाही, तसं जहाज विकलं तरी हा हक्क सुटत नाही. फक्त मुदत एक वर्षाची, तेवढ्यात कोर्टाकडून जहाज पकडलं गेलं पाहिजे. खलाशाच्या पगाराला दोन वर्षं. आपल्याकडे पंचनाम्याची प्रत हातात पडेपर्यंत दिवाळी येते, आणि वर्ष सरतं.

हा अधिकार उच्च न्यायालयाकडेच का, जिल्हा न्यायालयाला द्या, असं आमचे काही मित्र म्हणतात. मला ते पटत नाही. जहाज उभं राहिलं की दिवसाला लाखोंचा खर्च चढतो, आणि चुकीचं जहाज अडवलं तर भरपाई अडवणाऱ्याच्या गळ्यात. हे काम अनुभवी कोर्टातच हवं. आणि उच्च न्यायालयांचा हा अधिकार सहज मिळालेला नाही. १९८४ मध्ये एम. व्ही. एलिझाबेथ नावाचं जहाज गोव्याच्या मुरगाव बंदरातून एका गोवेकर कंपनीचा माल घेऊन, मालाची कागदपत्रं न देताच निघून गेलं. पुढे ते विशाखापट्टणमला सापडलं आणि आंध्रच्या उच्च न्यायालयाने अडवलं. मालकांचं म्हणणं, हा अधिकार फक्त मुंबई, कलकत्ता, मद्रासचा, तोही इंग्रजांनी दिला तेवढाच. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये हे फेटाळलं. संसदेला त्यावर कायदा करायला आणखी पंचवीस वर्षं लागली, तो भाग सोडा.

तेव्हा कोर्ट बरोबर आहे. माझा राग आहे तो कोर्टापर्यंतच्या वाटेवर.

हर्णैच्या नाखव्याने काय करायचं? रत्नागिरीच्या कोर्टातून जहाज अडवता येत नाही. मुंबई गाठायची, सागरी दाव्यांचा वकील धरायचा, कोर्ट फी भरायची, आणि ‘अटक चुकीची ठरली तर नुकसान मी भरीन’ अशी हमी लिहून द्यायची. कोर्ट त्यासाठी तारणही मागू शकतं. आठ लाखांच्या जाळ्यांसाठी! त्यापेक्षा जहाजाचा एजंट पन्नास हजार हातावर ठेवतो ते बरे, असं तांडेल म्हणतो आणि मी त्याला दोष देत नाही. कायदा वापरतात ते इंधन पुरवणारे, बँका, विमा कंपन्या. हक्क सगळ्यांना सारखा, पण तिकीट परवडेल त्यालाच.

सरकारला परवडतं की नाही, ते केरळने दाखवलं. २५ मे २०२५ ला एमएससी एल्सा ३ कोचीजवळच्या समुद्रात बुडालं, सहाशेवर कंटेनर घेऊन. केरळ सरकार निवेदनं देत बसलं नाही. स्वतः वादी होऊन उच्च न्यायालयात ९,५३१ कोटींचा दावा टाकला आणि विळिंजम बंदरात आलेलं त्याच कंपनीचं दुसरं जहाज अडकवलं. कोर्टाने पुढे तारणाची रक्कम सुमारे १,२२७ कोटी केली. रक्कम कमी झाली म्हणून कुणी हसत असेल तर हसू द्या, हातात जहाज होतं म्हणून आकड्यावर बोलणं तरी झालं.

आणि आपण? ३ जून २०२० ला निसर्ग वादळात बसरा स्टार मिऱ्याला येऊन लागलं. खलाशी सुखरूप काढले, ते उत्तम झालं. जहाज मात्र वर्षानुवर्षं तिथेच गंजत राहिलं, लाटांबरोबर बंधाऱ्यावर आदळत राहिलं, आणि लोक त्याच्यासमोर उभे राहून सेल्फी काढत राहिले. कायद्यात बुडालेलं, रुतलेलं, सोडून दिलेलं जहाजही जहाजच आहे आणि किनाऱ्याचं नुकसान हाही दावाच आहे. मिऱ्यावाल्यांनी मात्र पाच पावसाळे ‘संबंधित यंत्रणा’ एवढंच ऐकलं.

मागण्या फार मोठ्या नाहीत. धडकेची खबर आली की सागरी पोलिसांनी त्याच दिवशी त्या वेळेचा जहाजांचा तपशील मागवून पंचनाम्याला जोडावा. मत्स्यव्यवसाय खात्याने मच्छीमारांच्या वतीने दावा चालवायला मुंबईत वकिलांचं पॅनेल नेमावं, हमीही सरकारने द्यावी. विधी सेवा प्राधिकरणाची फुकट मदत घटस्फोट आणि जमिनीच्या वादापुरती नाही, ती इथेही मिळावी. आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी-सिंधुदुर्गासाठी कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू आहे. जहाज अडवण्याचे अर्ज तिथे दाखल करता यावेत, तसं लेखी आणि मराठीत जाहीर व्हावं. कोल्हापूरला समुद्र नाही असा विनोद कृपया कमेंटमध्ये करू नका, मी आधीच ऐकलाय.

तोवर तांडेलांनी एवढं करा. धडक झाली की आधी माणसं सांभाळा, मग वेळ आणि जीपीएसची जागा लिहून ठेवा, जहाजाचं नाव दिसलं तर फोटो, वायरलेसवर लगेच खबर. तुटलेली जाळी फेकू नका, तो पुरावा आहे. पंचनाम्यात ‘अज्ञात’ लिहायला लागले तर सही करण्याआधी जहाजांच्या तपशिलाची मागणी त्यातच लिहून घ्या.

पुढच्या सोमवारी आम्ही काही जण हे निवेदन जिल्हाधिकारी कार्यालयात देणार आहोत. ज्यांचे पंचनामे एका वर्षाच्या आतले आहेत त्यांनी झेरॉक्स शनिवारपर्यंत माझ्याकडे आणून द्या. वर्ष उलटलेलेही आणा, पण ते वेगळ्या फाईलला.