तोंडातला मणी

ग्वाल्हेरला जाऊन आले म्हटले की आपल्याकडची माणसे हमखास दोन प्रश्न विचारतात. किल्ला पाहिलात का, आणि शिंद्यांच्या राजवाड्यात जेवणाच्या टेबलावरून फिरणारी ती चांदीची आगगाडी पाहिलीत का? दोन्ही पाहिले. पण बेळगावहून गोवा एक्सप्रेसमध्ये बसून दीड दिवसाचा प्रवास करून मी जे मनात घेऊन आले, ते निराळेच. गेलेल्या माणसासोबत आपण काय पाठवतो, हा तो विषय. सणासुदीच्या पानावर असला विषय कशाला, म्हणून नाक मुरडू नका. प्रत्येक घरात कधी ना कधी हा प्रश्न येतोच, आणि तो येतो तेव्हा विचार करायला कुणाला सवड नसते.

लष्कर भागात छत्री बाजार आहे. बाजाराचे नावच त्यावरून पडले. शिंदे घराण्यातल्या जनकोजीराव, जयाजीराव अशा राजांच्या छत्र्या इथे आहेत. दगडावरचे कोरीव काम पाहत राहावे असे. आपल्याकडे शव पुरत नाहीत, जाळतात. मागे राख राहते आणि तीही नदीला जाते. मग राजाच्या आठवणीला जागा कुठे द्यायची? म्हणून ही छत्री. आत थडगे नाही आणि खजिनाही नाही. पुण्याच्या वानवडीत १७९४ साली महादजी शिंदे वारले, त्यांची छत्री तिथे आहे. पण आपल्या वाचकांना त्याहून जवळचा धागा सांगते. चिकोडी तालुक्यातल्या अंकलीचे शितोळे सरकार, ज्यांचे घोडे दरवर्षी ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीला जातात, ते घराणे ग्वाल्हेर दरबारचेच. महादजींची कन्या बाळाबाई शितोळ्यांकडे दिलेली होती. लष्करात आजही ‘बालाबाई का बाजार’ आहे. त्या बाजारात उभे राहून एका म्हाताऱ्या मराठी गृहस्थांनी मला विचारले, “ताई, जेवण हो गया क्या तुमचं?” आपल्या ‘ऊटा आतेनु?’ची आठवण होऊन मला हसूच फुटले. सीमेवरची माणसे सगळीकडे सारखीच बोलतात.

ग्वाल्हेरला खजिन्याची गोष्ट मात्र आहे, आणि ती छत्रीतली नसून किल्ल्यातली आहे. शिंद्यांच्या राखीव खजिन्याला ‘गंगाजळी’ म्हणत. १८५८च्या जूनमध्ये राणी लक्ष्मीबाई, तात्या टोपे ग्वाल्हेरात आले तेव्हा खजिनदार अमरचंद बांठिया यांनी त्यातला पैसा सैन्यासाठी मोकळा केला, असे सांगतात. इंग्रजांनी त्याबद्दल त्यांना सराफ्यातल्या कडुलिंबाच्या झाडाला फाशी दिले. पुढे किल्ला इंग्रजांच्या ताब्यात राहिला तो थेट १८८६पर्यंत. म्हणजे विचार करा, आपली तिजोरी दुसऱ्याच्या घरात! किल्ला परत मिळाला आणि त्याच वर्षी जयाजीराव वारले. मुलगा माधवराव तेव्हा जेमतेम नऊ वर्षांचा. खजिन्याची खूण, म्हणजे बीजक, बापाने मुलाला सांगायचे राहूनच गेले. राजमाता विजयाराजे शिंदे यांच्या आत्मचरित्रात ही हकिगत आहे. ते त्यांनी मनोहर माळगावकरांच्या साहाय्याने लिहिले. हे माळगावकर म्हणजे आपल्या जोयडा तालुक्यातल्या जगलबेटला राहिलेले इंग्रजी कादंबरीकार. पुढची गोष्ट अशी सांगतात की माधवराव मोठे झाल्यावर किल्ल्यात फिरताना त्यांचा पाय घसरला, त्यांनी तोल सावरायला खांब धरला, आणि खांब हलून तळघराची वाट उघडली. खांबाचे ज्याला जितके खरे वाटेल तितके त्याने मानावे. एक मात्र नक्की. १९०८ साली टाटांच्या पोलाद कारखान्याला खेळत्या भांडवलासाठी चार लाख पौंडांचे कर्जरोखे विकायचे होते, ते सगळेच्या सगळे याच माधवरावांनी घेतले. जमिनीत पैसा गाडून ठेवण्याचा धसका लहानपणीच घेतलेल्या माणसाने असे करावे, यात मला तरी नवल वाटत नाही.

‘गंगाजळी’ हा शब्द मला किल्ल्यावरून उतरेपर्यंत सोडेना. आपल्याकडे तो शिलकीला वापरतात, बँकेच्याही आणि संस्थेच्याही. पण मूळची गंगाजळी म्हणजे काशीहून आणलेला, तोंड डाखाने बंद केलेला गंगेच्या पाण्याचा तांब्या. तो देव्हाऱ्याच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षे असतो आणि फोडतात तो एकाच दिवशी. जाणाऱ्याच्या तोंडात त्यातले थेंबभर पाणी, तुळशीचे पान आणि सोन्याचा कण. आपला मृतासोबत जाणारा खजिना एवढाच.

आता तुम्ही म्हणाल, यात काय मोठेसे? तर ऐका. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात मेक्सिकोवरचे एक जाडजूड पुस्तक आहे. त्या देशात पालेंके नावाचे माया लोकांचे जुने नगर आहे. तिथल्या देवळाच्या जमिनीत अल्बेर्तो रुस या पुरातत्त्वज्ञाला भोके पाडलेली एक फरशी दिसली. ती उचलली तर खाली दगडमातीने ठासून भरलेला जिना. तो मोकळा करण्यात बरीच वर्षे गेली आणि १९५२ साली तळाशी पाकाल राजाची कबर सापडली. हा राजा इसवी सन ६८३ मध्ये वारला होता. चेहऱ्यावर हिरव्या जेड दगडाच्या तुकड्यांचा मुखवटा, गळ्यात माळा, बोटांत अंगठ्या, एका हातात जेडचा गोल आणि दुसऱ्या हातात चौकोनी ठोकळा. आणि तोंडात जेडचा एक मणी! आपण सोने घालतो, त्यांनी जेड घातला. त्यांना तो सोन्याहून मोलाचा. कुठे पालेंके, कुठे निपाणी. कुणी कुणाला शिकवले नसणार. जाणाऱ्याला रिकाम्या तोंडाने पाठवू नये, असे दोन्हीकडच्या बायाबापड्यांना वाटले असेल, इतकेच.

त्या मुखवट्याचे पुढे काय झाले, तेही वाचण्यासारखे आहे. १९८५च्या नाताळात मेक्सिको शहरातल्या संग्रहालयातून तो चोरीला गेला. चोर कोण, तर पशुवैद्यकाचे शिक्षण अर्धवट सोडलेले दोन तरुण. साडेतीन वर्षांनी, १९८९ मध्ये, माल सापडला. बारा-तेराशे वर्षे जमिनीखाली जे सुखरूप राहिले, ते काचेच्या कपाटात तीस-पस्तीस वर्षेही टिकेना.

आपल्या भागातही पुरण्याची रीत जुनी आहे बरे का. गंगावतीजवळच्या हिरेबेणकलच्या डोंगरावर दगडी शिळांची चारशेच्या वर घरे आहेत. गावकरी त्याला ‘मोरेर गुड्ड’ म्हणतात, मोर्यांचा डोंगर. ती बहुतेक रिकामीच आहेत. पण मला खरा चटका लावला तो नेवाशाने. तिथे १९५०च्या दशकात डॉ. हसमुख सांकलियांनी उत्खनन केले, तेव्हा एका लहान मुलाच्या सांगाड्याच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ निघाली. वय तीन हजार वर्षांहून जास्त. तांब्याच्या गंजामुळे मण्यांतला दोराही थोडा शिल्लक राहिला होता. तपासला तेव्हा तो रेशमी निघाला, त्यात कापसाचे तंतू मिसळलेले. त्या घरात रेशीम काही पोत्याने नसणार. तरी त्या आईने माळ काढून ठेवली नाही.

माझ्या सासूबाईंची नाकातली चमकी, कानडीत आपण ‘मूगुति’ म्हणतो ती, अशीच वादात सापडली होती. “ही माझ्याबरोबर जाऊ दे गं,” असे त्यांनी दोन-तीनदा सांगितले होते. वेळ आली तेव्हा थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, अग्नीत घालून काय मिळणार, नातीला आठवण म्हणून राहील. त्यांचेही काही चुकीचे नव्हते. ह्यांचे म्हणणे, आईचा शब्द. ओसरीवर माणसे खोळंबलेली, आणि आत आमची कुजबुज. शेजारचे लिंगायत अज्जा दारात उभे होते. त्यांच्यात माणसाला बसवून पुरतात आणि इष्टलिंग त्याच्या हातावर ठेवतात. ते हळूच म्हणाले, “नम्मल्लि लिंग कैयाग इडतेव. अदर रेट यारू केळूदिल्ल.” आमच्यात लिंग हातात ठेवतो, त्याचा भाव कुणी विचारत नाही. चमकी गेली. तिसऱ्या दिवशी अस्थी सावडताना थोरल्या दिरांचा हात राखेत जरा जास्तच रेंगाळला, असे ह्यांनी मला पुष्कळ दिवसांनी सांगितले. काही मिळाले की नाही, हे कुणी विचारले नाही. जाऊबाई मात्र नातीच्या लग्नात तो विषय काढल्यावाचून राहिल्या नाहीत.

ग्वाल्हेरात पुरलेली माणसेही आहेत. तानसेनाची साधीशी कबर महंमद घौसांच्या भव्य मकबऱ्याशेजारी आहे. तिथे सोने नाही, चिंचेचे झाड आहे. त्याचा पाला चावला की गळा गोड होतो, म्हणून गाणारे येतात आणि झाड ओरबाडतात. मूळचे झाड केव्हाच गेले, आताचे नंतरचे. आमच्या गटातल्या एका भजनी बाईंनी चार पाने पदराला बांधून आणली.

जमल्यास शिवपुरीलाही जा. ग्वाल्हेरहून शंभर-सव्वाशे किलोमीटर. खजिनावाल्या माधवरावांची संगमरवरी छत्री तिथे आहे. ते १९२५ साली पॅरिसला वारले. समोर त्यांच्या आईची, सख्याराजेंची छत्री आणि मध्ये पाणी. आत माधवरावांचा पुतळा आहे, त्याला खरे कपडे घालतात, आणि ते बदलतातही. आम्ही गेलो तेव्हा सेवेकरी अंगरख्याची चुणी नीट करत होता, बाहेर निघालेल्या यजमानाची करावी तशी. आमच्याकडे न बघताच तो म्हणाला, “जरा रुकिए, अभी तैयार हो रहे हैं।”