गोठलेला मध आणि न सापडणारा मधपाळ

दरवर्षी १४ नोव्हेंबरला दिल्लीच्या प्रगती मैदानावर भारत आंतरराष्ट्रीय व्यापार मेळा सुरू होतो. महाराष्ट्राच्या दालनात बचत गट, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि मधपाळ आपापला माल मांडतात. चौदा दिवसांत बऱ्यापैकी विक्री होते, रिकामी खोकी परत येतात आणि दौऱ्याचा अहवाल समाधानकारक लिहिला जातो. खरा प्रसंग पुढे जानेवारीत उद्भवतो. नोएडा किंवा गुरुग्राममधील ज्या कुटुंबाने मेळ्यातून मधाची बाटली नेलेली असते, त्या बाटलीच्या तळाशी थंडीत पांढरट रवा धरू लागतो. घरातील कोणीतरी मोबाइल उचलून विचारते : ‘शहद जम गया, असली है या नकली?’ समोर शेकडो उत्तरे येतात. ज्याने तो मध काढला त्या मधपाळाचा मात्र त्यांत एक शब्दही नसतो.

या प्रश्नाचे उत्तर कठीण नाही. मध हे प्रामुख्याने फ्रुक्टोज व ग्लुकोज या शर्करांचे अतिसंपृक्त द्रावण आहे. यांपैकी ग्लुकोज पाण्यात कमी विरघळते आणि तापमान १० ते १५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान उतरले की त्याचे स्फटिक झपाट्याने बनतात. दिल्लीचा जानेवारी नेमका याच पट्ट्यातला. मोहरीच्या फुलोऱ्यावरील मधात ग्लुकोजचे प्रमाण अधिक असल्याने तो तर काढल्यानंतर काही आठवड्यांतच रवाळ होतो. म्हणजे मध गोठणे हा भेसळीचा पुरावा नव्हे, आणि न गोठणे ही शुद्धतेची हमीही नव्हे. बाटली कोमट पाण्यात ठेवली की मध पुन्हा पातळ होतो; फार तापवू नये एवढेच. मधमाशीपालनाच्या प्रत्येक प्रशिक्षणात हे सांगितले जाते आणि प्रत्येक मधपाळाला ते तोंडपाठ असते. ग्राहक जिथे विचारतो तिथे मात्र ते लिहिलेले नसते.

ग्राहकाची शंका अकारण नाही, हेही ध्यानात घ्यावे. दिल्लीच्याच विज्ञान व पर्यावरण केंद्राने डिसेंबर २०२० मध्ये मधाच्या १३ ब्रँडची तपासणी प्रसिद्ध केली, तेव्हा सर्व चाचण्यांना केवळ ३ ब्रँड उतरल्याचे तिने सांगितले. संबंधित कंपन्यांनी ते निष्कर्ष नाकारले. वादाचा निकाल काहीही असो, मधाविषयीचा संशय राजधानीच्या घराघरांत शिरला तो शिरलाच. अशा वेळी खरा माल असलेल्या लहान उत्पादकाला मोठी संधी होती आणि अजूनही आहे. तो सापडत नाही, म्हणून ती हातची जाते.

सापडण्याच्या या विद्येला बाजारात ‘सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन’ अथवा ‘एसईओ’ असे भारदस्त नाव आहे. शोधयंत्र संकेतस्थळांवरील मजकूर वाचत फिरते, त्याची सूची करते आणि कोणी काही विचारले की त्या सूचीतून सर्वांत समर्पक वाटणारी पाने क्रमाने पुढे मांडते. त्या क्रमात आपले पान वर यावे म्हणून करावयाची मशागत म्हणजे एसईओ. कामगंध सापळे लावणाऱ्या शेतकऱ्याला यातील मर्म समजायला वेळ लागू नये. घाटे अळीच्या ल्यूरकडे गुलाबी बोंडअळीचे पतंग फिरकत नाहीत, कारण प्रत्येक जातीच्या मादीच्या गंधातील घटक आणि त्यांचे प्रमाण ठरलेले असते. ल्यूर कितीही महागाचे आणले तरी मिश्रण चुकले तर सापळा रिकामाच राहतो. पानावरील शब्दांचेही तसेच आहे. विकणाऱ्याला जे शब्द सुंदर वाटतात ते नव्हे, तर विकत घेणारा जे शब्द टंकतो ते तिथे असावे लागतात.

आणि नेमके इथेच महाराष्ट्राचा माल दिल्लीत अडखळतो. आपली भगर दिल्लीत ‘समा के चावल’ या नावाने शोधली जाते. नवरात्रात तर तिला मोठी मागणी असते. नाचणी तिथे रागी किंवा मंडुआ होते. कुळीथ म्हणजे कुल्थी, आणि मूळच्या उत्तराखंडी कुटुंबांत गहत. जवसाची अलसी, ओव्याची अजवायन, शेवग्याचा सहजन, कारळ्याचे रामतिल. एखाद्या बचत गटाच्या पानावर ‘अस्सल गावरान भगर’ एवढेच लिहिले असेल, तर द्वारका किंवा इंदिरापुरममध्ये उपवासाचे साहित्य शोधणाऱ्या ग्राहकाच्या दृष्टीने तो गट अस्तित्वातच नाही. शोधयंत्रे समानार्थी शब्द पूर्वीपेक्षा बरेच ओळखू लागली आहेत, हे खरे. परंतु प्रादेशिक नावांच्या बाबतीत त्यांच्यावर विसंबण्यापेक्षा मराठी, हिंदी आणि इंग्रजी ही तिन्ही नावे एकेकदा सहज वाक्यात लिहिणे शहाणपणाचे. एकेकदाच. तेच नाव चाळीस वेळा कोंबले तर गूगल त्याला फसवणूक मानते, आणि वाचणाऱ्यालाही ते उबग आणणारे असते.

दुसरा अडथळा अधिक साधा आणि अधिक लाजिरवाणा आहे. बहुतेक लहान उत्पादकांची सारी माहिती चित्रात असते. फुलांची किनार, देवाचे चित्र, मध्यभागी रंगीत अक्षरांत मालाचे नाव, दर आणि फोन क्रमांक, असे एक सुबक पोस्टर व्हॉट्सअॅपवर फिरवले जाते आणि तेच संकेतस्थळावरही चिकटवले जाते. चित्रातील अक्षरे शोधयंत्राला मजकुराइतकी भरवशाने वाचता येत नाहीत. तीच माहिती चार ओळींत टंकून चित्राखाली लिहिली तरी फरक पडतो. या बाबतीत उत्पादकांना दोष देण्यापूर्वी संशोधन आणि विस्तार यंत्रणेने स्वतःकडे पाहावे, हे उत्तम. आपल्या कितीतरी उत्कृष्ट घडीपत्रिका युनिकोडपूर्व काळातील टंकांत जुळवलेल्या आहेत किंवा कागदावरून स्कॅन करून चढवलेल्या आहेत. कृतिदेव किंवा शिवाजी टंकातील मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो. यंत्राला ती निरर्थक रोमन अक्षरांची रास असते. हुमणीच्या बंदोबस्तावर पंधरा वर्षांपूर्वी नेमके लिहिलेले पान शेतकऱ्याला सापडत नाही आणि त्याच्या जागी कोणा औषधविक्रेत्याची जाहिरात सापडते, यामागे अनेकदा एवढेच कारण असते.

दिल्लीच्या ग्राहकापुरताच हा विषय मर्यादित नाही. ज्या मालाला प्रवास सोसत नाही, त्याच्या बाबतीत जवळच्या माणसाला सापडणे हेच निर्णायक ठरते. ट्रायकोकार्डचे उदाहरण घ्यावे. कॉर्सायराच्या सुमारे २०,००० परजीवीकृत अंड्यांचे हे कार्ड म्हणजे जिवंत माल. आठवडाभरात त्यातून ट्रायकोग्रामा बाहेर पडू लागतात. शीतकपाटात ठेवून फार तर थोडे दिवस मिळवता येतात. उसावरील खोडकिडीसाठी हे कार्ड हवे असलेल्या शेतकऱ्याला शेजारच्या तालुक्यातील प्रयोगशाळा माहीत नसते, तो दूरवरून मागवतो आणि पार्सल उघडतो तेव्हा ट्रायकोग्रामा पाकिटातच बाहेर पडून मेलेले असतात. पुढे तो ‘जैविक उपाय चालत नाहीत’ असे गावभर सांगतो. इथे चूक कीटकाची नसते, विज्ञानाचीही नसते. चार कोसांवरचा उत्पादक नकाशावर नव्हता, एवढेच झालेले असते.

यावरचा उपाय विनामूल्य आहे. गूगल बिझनेस प्रोफाइलवर व्यवसायाची नोंद करण्यास पैसे लागत नाहीत. अट एवढीच की ग्राहकाशी प्रत्यक्ष भेट होणारा व्यवसाय असावा. स्थानिक शोधात वर कोण येणार हे मुख्यत्वे तीन गोष्टींवर ठरते, असे गूगलच सांगते : विचारलेल्या गोष्टीशी जुळणी, ग्राहकापासूनचे अंतर आणि व्यवसायाची ख्याती. अंतर बदलता येत नाही. जुळणी मात्र आपल्या हाती आहे. ‘कृषी सेवा’ असे मोघम लिहिण्याऐवजी कोणते जैविक घटक तयार होतात, कोणत्या महिन्यांत मिळतात, किती दिवस आधी नोंदणी करावी लागते, हे लिहिले की अर्धे काम होते. ट्रायकोडर्मा, बिव्हेरिया, मेटारायझियम यांसारखी सूक्ष्मजीवजन्य उत्पादने १९६८ च्या कीटकनाशक कायद्याच्या कक्षेत येतात. त्यांच्या विक्रेत्याने नोंदणी व परवान्याचा क्रमांक पानावर ठळकपणे द्यावा. मध व इतर खाद्यपदार्थांच्या बाबतीत एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक द्यावा. बनावट मालाच्या गर्दीत हे क्रमांक पडताळून पाहणारा ग्राहक वाढतो आहे.

या क्षेत्रात भोंदूही पुष्कळ आहेत. ‘पहिल्या क्रमांकाची हमी’ देणारे फोन लहान उद्योजकांना नित्य येतात. अशी हमी कोणीही देऊ शकत नाही, हे गूगलने आपल्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहून ठेवले आहे. पानाच्या आत दडवलेल्या ‘कीवर्ड टॅग’साठी पैसे मागणाऱ्याला हे सांगावे की क्रम ठरवताना तो टॅग विचारात घेतला जात नाही, असे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले आहे. विकत घेतलेल्या दुव्यांची आणि भाडोत्री अभिप्रायांची गत वेगळी नाही. ग्राहक व्यवहार विभागाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे भारतीय मानक आणले. ते ऐच्छिक असले तरी खोट्या स्तुतीकडे शासन कोणत्या नजरेने पाहते ते त्यातून उघड होते. याहून धोकादायक मोह दाव्यांचा. लोक ‘मधुमेहावर मध’ शोधतात म्हणून तसे लिहून ठेवणे हे अन्नसुरक्षेच्या नियमांत बसत नाही आणि मधपाळाच्या प्रामाणिकपणातही बसू नये. प्रमाणपत्राशिवाय लावलेला ‘सेंद्रिय’ हा शब्दही त्याच पंक्तीतला.

एवढा खटाटोप कशाला, आम्ही मोठ्या विक्रीमंचावर माल टाकतो, असे काही जण म्हणतील. जरूर टाकावा. नोएडाचे इंडियामार्ट १९९६ पासून लहान विक्रेत्यांना चौकशा मिळवून देत आले आहे आणि अनेक गृहोद्योग त्यावर उभे राहिले आहेत. परंतु ती खंडाने घेतलेली जमीन आहे. तिथे विहीर खोदू नये. शोधयंत्र तरी आपल्या मालकीचे कुठे आहे, हा प्रतिप्रश्न रास्त आहे. दिल्लीतील भारतीय स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये शोधनिकालांतील पक्षपाताबद्दल गूगलला १३५.८६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. विमानप्रवासाच्या शोधात स्वतःचीच चौकट ठळकपणे पुढे केल्याचा ठपका त्यात होता. गूगलने त्याविरुद्ध अपील केले. ऑगस्ट २०२४ पासून भारतात अनेक प्रश्नांची कृत्रिम बुद्धिमत्तेने बेतलेली उत्तरे निकालांच्या माथ्यावरच दिसू लागली आहेत, त्यामुळे मूळ पानापर्यंत जाण्याची गरजच काही वाचकांना उरत नाही. तरीही ते उत्तर कोणाच्या तरी पानावरूनच उचललेले असते. गोठलेल्या मधाविषयी मधपाळाने लिहिलेच नाही, तर यंत्र दुसऱ्या कोणाचे तरी ऐकणार.

ज्याचा सारा माल बांधावरच संपतो, त्याला यातले काहीच करण्याची गरज नाही. उगाच संकेतस्थळ काढून ते ओस पडू देऊ नये. व्हॉट्सअॅपचा गट ओळखीच्या गिऱ्हाइकासाठी पुरेसा असतो. प्रश्न अनोळखी गिऱ्हाइकाचा आहे, आणि मेळ्यांसाठी एवढा खर्च होतो तो अनोळखी गिऱ्हाईक मिळवण्यासाठीच.

म्हणून मूल्यवर्धनाच्या प्रशिक्षणात पॅकिंग आणि लेबलिंगच्या जोडीला अर्धा दिवस या विषयाला द्यावा, आणि तो बाहेरून आणलेल्या तज्ज्ञाच्या भाषणात घालवू नये. प्रशिक्षणार्थ्यांनी मेळ्यात ग्राहकांनी विचारलेले दहा प्रश्न आठवून त्यांच्याच भाषेत लिहावेत. प्रत्येकाचे चार-पाच ओळींचे उत्तर विषयतज्ज्ञाने तपासावे. सातेरी मधमाशीचा मध युरोपीय मधमाशीच्या मधाहून वेगळा कशात, जांभळाचा मध गडद का, बाटलीवर फेस का येतो, मूल एक वर्षाचे होईपर्यंत मध का देऊ नये, हे सारे लिहिण्यासाठी कोणत्याही एजन्सीची गरज नाही. वर्षभराने गूगल सर्च कन्सोल हे विनामूल्य साधन उघडले की कोणते शब्द टंकून लोक या पानापर्यंत आले, ते दिसते. पुढील वर्षी काय लिहावे, याचा त्याहून चांगला सल्लागार नाही.

कृषी विज्ञान केंद्रांच्या हाती आणखी एक गोष्ट आहे. शोधयंत्राच्या दृष्टीने विश्वासार्ह संकेतस्थळावरून मिळालेला दुवा ही मोठी शिफारस असते. केंद्राने प्रशिक्षण दिलेल्या, परवाने तपासलेल्या उत्पादकांची यादी युनिकोड मराठीत, हिंदी नावांसह आणि प्रत्येकाच्या पानाच्या दुव्यासह स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवली, तर त्या लहान उत्पादकाला विकत न मिळणारे वजन प्राप्त होते. यासाठी वेगळा निधी लागत नाही. यादी मात्र दरवर्षी तपासावी लागेल, कारण बंद पडलेल्या फोन क्रमांकांची यादी नसलेलीच बरी.

नवे पान शोधयंत्राच्या सूचीत स्थिरावायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. १४ नोव्हेंबरच्या मेळ्यासाठी निघणाऱ्या गटांचे पान पोळ्याच्या सुमारास तयार असावे, आणि बाटलीचे लेबल छापायला देण्यापूर्वी त्यावर व्यवसायाचे नाव देवनागरी व रोमन अशा दोन्ही लिपींत, पानावर आहे त्याच स्पेलिंगने, लिहिले आहे ना, हे एकदा पाहून घ्यावे.