आजींना ‘लाभार्थी’ म्हणणं आधी बंद करा

परवा दुपारी बातम्या पाठवून चहाला निघालो, तर दाराशी एक आजी उभ्या. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागदांचा गठ्ठा. बसल्यावर पहिलं वाक्य काय, तर “दादा, नाव छापू नका. साहेब रागावले तर पोरीचं काय?”

नाव छापणार नाही. गावही सांगत नाही. पण गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण अशा पिशव्या घेऊन फिरणारी माणसं आपल्या तालुक्यात बरीच आहेत.

मुलगा वारला, सूनबाईंनी दुसरं लग्न केलं. नात आजीकडे राहिली. आता नववीत आहे. आजी अडुसष्ट वर्षांच्या, अजून निंदणी-खुरपणीला जातात. शाळेतल्या बाईंनी सांगितलं म्हणून बालसंगोपन योजनेत अर्ज केला, मंजूर झाला. महिना २२५० रुपये. सुरुवातीला पैसे आले, मग थांबले. सात महिने झाले. हिशोब करा, १५,७५० रुपये. आजींच्या घरात ही रक्कम म्हणजे वह्या, सायकलचं पंक्चर, दवाखाना आणि वाण्याची उधारी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ज्या मुलांचे आईवडील नाहीत, किंवा एकच पालक आहे, किंवा घरच्यांना सांभाळणं शक्य नाही, अशा मुलांना बालगृहात न टाकता कुटुंबात वाढवायचं, म्हणून राज्य सरकारची ही योजना आहे. वय अठरापर्यंत. आता तिला सावित्रीबाई फुलेंचं नाव आहे. २०२३ मध्ये रक्कम ११०० वरून २२५० केली, ते चांगलंच झालं. बाल न्याय कायदा २०१५ सुद्धा हेच सांगतो की मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. म्हणजे आजी जे करतायत ते सरकारचंच काम आहे. दिवसाला ७५ रुपयांत.

आणि त्या कामाची वागणूक काय?

कागदांची यादी बघा. उत्पन्नाचा दाखला, मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, आधार, शाळेचं बोनाफाईड, पासबुक, शिवाय घरासमोर मुलीला शेजारी उभं करून काढलेला फोटो. एकदा दिलं की संपलं, असंही नाही. नूतनीकरण आलं की पुन्हा तेच. मेलेला मुलगा दरवर्षी पुन्हा मेल्याचं सिद्ध करायचं. जिल्ह्याला जायचं तर आजींना एसटीत तिकीट अर्धं लागतं, पण दिवस पूर्ण जातो आणि मजुरी बुडते. तिथे गेल्यावर “मॅडम मीटिंगला गेल्यात, सोमवारी या.” सोमवारी गेलं की “एक कागद कमी आहे.” कुठला कमी, ते लिहून कुणी देत नाही. एकदा तर मुलीच्या आईचं लेखी आणा म्हणाले. जी आई पाच वर्षांत फिरकली नाही तिचं लेखी आजींनी आणायचं कुठून?

सगळ्यात वाईट सांगतो. रांगेत वीस माणसं असताना काऊंटरवरून मोठ्याने विचारलं, “बाप मेलाय की सोडून गेलाय?” पोरगी शेजारीच उभी होती. त्यानंतर ती आजींसोबत ऑफिसला जायला तयार नाही. म्हणते, “आजी, नको ते पैसे.”

आता दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर कमेंटमध्ये लोक लिहितीलच. जिल्हा बाल संरक्षण कक्षात माणसं कमी, बरीचशी कंत्राटी. योजनेत एजंट घुसलेत, खोटे दाखले जोडून पैसे उचलणारेही आहेत. त्यामुळे तपासणी हवीच, त्यावर वाद नाही. पण तपासणी म्हणजे घरी जाऊन बघणं. मूल जेवतंय का, शाळेत जातंय का, कुणी त्रास देत नाही ना, हे बघणं. आजींच्या घरी आजवर एकदाही कुणी आलेलं नाही. कागद मात्र तीनदा तपासलेत. खोटेपणा करणाऱ्याचे कागद नेहमी पूर्ण असतात, अडकतो तो खरा माणूस.

आणि पैशाचं कारण सांगू नका. २०२४ च्या विधानसभेआधी लाडक्या बहिणींचे हप्ते आगाऊ जमा झाले, आपण सगळ्यांनी पाहिलं. बहिणींना मिळाले, आनंद आहे. पण मग सरकारला वेळेवर पैसे टाकता येतात, एवढं तरी सिद्ध झालं. बालसंगोपनातल्या मुलांची अडचण एकच, त्यांना मत नाही.

इंग्लंडमध्ये हे काम स्थानिक कौन्सिल करतं. तिथेही दुसऱ्याची मुलं सांभाळणारी कुटुंबं तक्रारी करतात की आमचं ऐकून घेत नाहीत, अधिकारी सारखे बदलतात. म्हणजे दुखणं तिथेही आहे. पण कौन्सिलने ऐकलं नाही तर वर लोकपालाकडे जाता येतं. आपल्याकडे आजींना भीती वाटते की तक्रार केली तर पैसे बंद होतील, नाहीतर पोरीला उचलून बालगृहात टाकतील. जी व्यवस्था सांभाळणाऱ्यालाच घाबरवते, तिला मूल सांभाळता येतंय असं कसं म्हणायचं?

मागण्या फार नाहीत. नूतनीकरणाचं शिबिर तालुक्याला घ्या. कागद घेतला की पोच द्या, अडला तर कारण लेखी द्या. पैसे ठरलेल्या तारखेला टाका. वर्षातून एकदा तरी घरी जा. आणि मुलांसमोर असले प्रश्न विचारणं आजपासून बंद करा.

आमदार-खासदारांच्या कार्यकर्त्यांनो, तुम्ही ही पोस्ट वाचता हे मला माहीत आहे. पुढच्या आढावा बैठकीत साहेबांना एकच प्रश्न विचारायला सांगा: आपल्या तालुक्यात बालसंगोपनाची किती मुलं आहेत आणि कुणाचे किती महिने थकलेत?

आणि तुमच्या गल्लीत अशी आजी, मावशी, काका असतील तर त्यांना एकटं पाठवू नका, सोबत जा. पोच मागा. नाही दिली तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपये लागतात, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्ज लिहिता येत नसेल तर माझ्याकडे या, मी लिहून देतो.

आजींचा अर्ज काल टाकला. उत्तर आलं की इथेच कळवतो.