तंजावरची मिरास : मालकी नोंदली गेली, राबणाऱ्यांचा हक्क निसटला

तंजावर : कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील शेतजमीन प्रदूषणकारी उद्योगांपासून वाचविण्यासाठी तामिळनाडूने २०२० मध्ये संरक्षित कृषिक्षेत्र कायदा केला. २०२३ मध्ये केंद्रानेही वडसेरी कोळसा क्षेत्र लिलावातून वगळले. जमीन शेतीखाली राहील, याची ही हमी आहे. मात्र त्या जमिनीवर हक्क कोणाचा, या प्रश्नाची मुळे वसाहतकाळात सापडतात.

महाराष्ट्राला मिरासदार आणि उपरी हे शब्द परिचित आहेत. मराठा राजवटीतील तंजावरातही मिरास होती. पण अनेक गावांत ती ठरावीक शेताची मालकी नव्हती. ती गावाच्या उत्पन्नातील वाटा, म्हणजे ‘पंगू’ होती. काही गावांत शेते ठरावीक मुदतीने भागीदारांमध्ये फिरत. बलुतेदार आणि शेतमजूर यांनाही सुगीत परंपरेने हिस्सा मिळे. ही व्यवस्था समतेची नव्हती. दलित मजूर वेठीनेच बांधलेले होते.

१७९९ च्या तहानंतर महसुली कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. कंपनीला प्रत्येक शेतामागे सारा भरणारा एक जबाबदार माणूस हवा होता. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात सामायिक वाटे हळूहळू वैयक्तिक पट्ट्यांत बदलले. जमीन विकता, गहाण टाकता आणि थकबाकीपोटी जप्त करता येऊ लागली. मजुरांच्या हिश्शाला मात्र मालकीच्या नोंदीत जागा मिळाली नाही.

राजघराणेही या नव्या सत्तेपुढे हतबल ठरले. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे निपुत्रिक वारल्यावर कंपनीने खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईंनी मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात दाद मिळविली. पण १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने हे सार्वभौम सत्तेचे कृत्य ठरवून तो निकाल फिरविला. मालमत्ता १८६२ मध्ये परत मिळाली, ती हक्क म्हणून नव्हे, तर सरकारी कृपा म्हणून.

आफ्रिकेत हेच तत्त्व अधिक कठोरपणे राबविले गेले. केनियात १९१५ च्या वटहुकुमाने स्थानिकांच्या वहिवाटीतील जमीनही राजसत्तेची ठरविली. तंजावरात वरच्या भागीदारांना निदान पट्टा मिळाला. जमीन कसणाऱ्या तळातील माणसाच्या हाती दोन्हीकडे काहीच उरले नाही.

त्याची किंमत स्वातंत्र्यानंतरही मोजावी लागली. १९५२ मध्ये तंजावरसाठी कुळे आणि पण्णैयाळ, म्हणजे सालदार मजूर, यांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा करावा लागला. २५ डिसेंबर १९६८ रोजी तत्कालीन तंजावर जिल्ह्यातील किळवेण्मणी येथे मजुरीच्या संघर्षात ४४ दलितांना जाळून मारण्यात आले. पुढच्याच वर्षी कूळहक्क नोंदणीचा कायदा झाला. पण तोंडी खंडाने जमीन कसणारा त्या नोंदीबाहेरच राहतो. शेतीचे संरक्षण करणाऱ्या कायद्यांची खरी कसोटी या नोंदीबाहेरच्या माणसापाशी लागणार आहे.