गुरू हवाय? आधी सोपारा बघा

तलासरीहून डहाणूला येऊन लोकल पकडणाऱ्या आपल्याला नालासोपारा म्हणजे नुसती गर्दी. पण 1882 साली तिथे बौद्ध स्तूप उत्खननात सापडला, आणि परंपरा सांगते की पुण्ण नावाचा व्यापारी याच सोपाऱ्याचा. बुद्धांकडे तो भिक्खू झाला; मग म्हणाला, आता माझ्या मुलखात जातो. बुद्धांनी लगेच 'जा' म्हटलं नाही. तिकडचे लोक तापट, शिव्या दिल्या तर? मारलं तर? जीवच घेतला तर? पुण्णाने प्रत्येकाचं शांतपणे उत्तर दिलं, तेव्हाच पाठवलं.

मला असा गुरू पटतो. रीलवरचे बाबा शंका विचारली की 'श्रद्धा कमी पडते' म्हणतात, आणि शिष्य जन्मभर त्यांच्याच दारात! पुण्ण मात्र शिकून घरी परतला.